खरं

उद्यमबागेत पत्रा ठोकतो मी.
ट्रॅक्टरची मडगार्डं, गिरणीचे हॉपर.
असली ऑर्डर पहिल्यांदाच:
कडा कुरतडलेला एक फोटो
आणि त्यात पोट सुटलेली सायकल.

जाड टायर, पांढऱ्या काठाचे,
पुढच्या चिमट्याला स्प्रिंग,
मडगार्डावर माशासारखा दिवा,
दोन नळ्यांमधे टाकी.
पेट्रोल नाही, काही नाही, नुसता तोरा.

"कॅम्पात पाद्र्याच्या बंगल्याचा लिलाव झाला, तवा घेतलेली आजोबांनी,"
तवनाप्पांची नात सांगत होती,
"हुबेहूब पायजे. पैशाचं बघू नका."

फोटो काळापांढरा. रंग कुठला?
तवनाप्पा म्हणाले, लाल.
पद्मव्वा म्हणाल्या, लाल कुठला, बीट चिरल्यावानी.
मी दोघांच्या मधला लावला.

सात महिने गेले.
नळीत रेती भरून हँडल वाकवलं,
टाकीची दोन टरफलं लाकडी साच्यावर ठोकली,
शहापूरचा बोर्ड रंगवणारा आला,
वर कन्नड, खाली मराठी, हात एकच.
खारीच्या केसांच्या ब्रशानं
त्यानं श्वास धरून ओढली
टाकीवरची साईच्या रंगाची रेघ.

संकेश्वरला टेम्पोतून उतरवली.
म्हाताऱ्यानं सीटवर हात ठेवला, घंटी वाजवली,
अंगणात दोन फेऱ्या मारल्या, पाय टेकला.
"सगळं तसंच हाय," म्हणाले, "खरं..."

पुण्याचा कोणी असता
तर खूश होऊन हात पुढे केला असता.
आमच्याकडे खरं म्हणजे पण.
खरं म्हटलं की इथला माणूस
पुढचं ऐकायला थांबतो.

"खरं, ही बोलत न्हाई."

टाकीत काहीतरी सुटं होतं म्हणे,
पाद्र्याच्या वेळेपासून. खडखडायचं.
"उघडून बघितलं न्हाई कधी?"
"कशाला?"

मी टाकीचं दार उघडून नट टाकला.
म्हाताऱ्यानं एक फेरी मारली. पद्मव्वा उंबऱ्यावर, डोळे मिटून:
"हे न्हवं. हे लोखंड झालं."
वायसर टाकला. "हे पैंजण."
चिंचोका टाकला. गप्प राहिल्या.
चिंचोका आणि नट, दोन्ही टाकले.
तवनाप्पा फाटकापर्यंत जाऊन वळले,
खड्ड्यातून मुद्दाम नेली.

उंबऱ्यावर कोणी नव्हतं.
आत गॅसचा लायटर
दोनदा चुकून तिसऱ्यांदा पेटला.