लिहून देणार

चाळीस वर्षं अण्णांनी लोकांचे दस्त लिहिले
टाउन हॉलजवळ, पत्र्याच्या शेडात.
वर झाडांना वटवाघळं उलटी लटकलेली
आणि खाली माणसं
अंगठ्याला शाई लावून घेत उभी.
आज मी त्यांच्यापुढे पाच पानं ठेवली.
"जरा बघता? उद्या रात्रीपर्यंत सही मागतात."

सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसून
त्यांनी सवयीनं आधी पक्षकार शोधले.
लिहून देणार: सुनेत्रा बळवंत इंगवले, राहणार सागरमाळ.
लिहून घेणार: एक कंपनी, राहणार
"हे गाव कुठं आलं?"
"लांब आहे, अण्णा."

"मिळकतीचं वर्णन?"
बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं
किती पाणी पितं, कितव्या दिवशी वळतं.
एकशे ऐंशी तुकडे, सहा आलेख,
तीन वर्षं सुभाषनगरात
यल्लाप्पा सातपुत्यांच्या हौदाकाठी,
आधी नाकाला ओढणी बांधून
आणि मग न बांधता.

"चतुःसीमा?"
संपूर्ण जग.
त्यांनी पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.
"पूर्वेला ओढा, पश्चिमेला कुणाचा गट, काहीच नाही?
उत्तरेला कुणाचा तरी बांध असंल की गं."
"नाही. आणि आज आहेत ती माध्यमं,
शिवाय पुढे शोध लागतील ती सगळी."
"म्हणजे न जन्मलेल्या रानाचंही खरेदीखत."

मुदत: हक्क जिवंत असेतो.
"तू गेल्यावर साठ वर्षं," अण्णा म्हणाले.
हे त्यांना कुठून ठाऊक, कोण जाणे.

"बरं. मोबदला?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.
खाली भडंगवाला कागदाचे पुडे बांधत होता,
कुणाचातरी जुना प्रबंध असावा.
"नाही, अण्णा. काही जण तर उलट घेतात."

ते हसले नाहीत.
"बिनमोबदला एकच दस्त होतो, बक्षीसपत्र.
त्यात लिहावं लागतं, नैसर्गिक प्रेम व ममतेपोटी.
हा गडी तुझा कोण लागतो?"

कोण लागतो?
फाइलीत एक गुण लागतो.
तासिका तत्त्वावर सात वर्षं काढल्यावर
कायम व्हायला जे जे लागतं
त्यातलं काहीतरी लागतो.

अण्णांनी पेन मागितलं.
"वरची खोली आपण भाड्यानं देतो
तेव्हा घर देतो का? राहायची परवानगी देतो."
आणि मागच्या कोऱ्या पानावर, न थांबता, लपेटीच्या अक्षरात:
मालकी लिहून देणारीची अबाधित राहील.
लिहून घेणार यांस छापण्याची व वाटण्याची मुभा आहे.
लिहून देणारी हा मजकूर वर्गात शिकवील,
दारी आलेल्यास प्रत देईल,
त्यास कोणाची हरकत चालणार नाही.

रात्री मी त्याचं इंग्रजी केलं.
"दारी आलेल्यास" जमेना, तसंच अर्धंमुर्धं पाठवलं.
नवव्या दिवशी दोन ओळी आल्या:
अशा परवान्याचा नमुना आमच्याकडे आहे, सोबत जोडला आहे.
होता. कपाटात होता.
मागितल्याशिवाय कोण काढून देतंय.

परवा छापील प्रत घेऊन सुभाषनगरला गेले.
यल्लाप्पांनी हात पुसले, तरी सालीचा रंग राहिलाच.
हौदाचा फोटो ओळखला.
"माझं नाव कुठाय?"
शेवटच्या पानावर, ऋणनिर्देशात,
विद्यापीठ, निधी, प्रयोगशाळा
आणि त्यांच्याखाली ते.
"बारीक छापलंय," म्हणाले,
आणि नावाखाली अंगठा टेकवून वाचू लागले.

अंगठा उचलला तेव्हा
तिथं तपकिरी ठसा होता, रेघांसकट.

तीन वर्षांत
त्यांच्याकडून मी कशावरच सही घेतली नव्हती.