कोरडा कूलर

जळगावच्या केंद्रात, पहिल्या मजल्यावर
समुपदेशक बाई फॉर्म वाचतात :
वयाच्या अठरा वर्षांआधी, घरातल्या कुणी…
नाही, म्हणतो खेमचंद.
कधी असं वाटायचं का की…
नाही.
दहा प्रश्न. दहा वेळा नाही.
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलाय,
थरथर दिसू नये म्हणून.
मी शेजारच्या खुर्चीवर. नातं : बहीण.
माझ्यासाठी फॉर्म नाही.

भुसावळला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये
अप्पांची सायकल कंपाउंडला घासली
की त्या घासण्यावरून भाऊ ओळखायचा
आज किती घेतलीय.
नऊ वर्षांचा होता. चुकायचा नाही.
मग मला आतल्या खोलीत न्यायचा
आणि कूलर लावायचा.
पाणी न भरता. पौषाच्या थंडीतसुद्धा.
पत्र्याचा खडखडाट,
वाळक्या गवतातून तोंडावर धूळ,
आणि मध्येच, मोटर दम घ्यायची तेवढ्यात,
माय.

"आयकू येतं का काई?"
"नाई," मी म्हणायचे.
तेवढंच हवं असायचं त्याला.

सोळाव्या वर्षी, सावद्याला,
केळीच्या ट्रकांमागे पहिला घोट घेतला तेव्हा,
म्हणे, आत कुणीतरी कूलर लावला.
हे त्यानेच सांगितलं होतं एकदा. हसत.
त्यानंतरचं सगळं गावाला पाठ आहे :
शेडमधली नोकरी, बायकोचं यावलला निघून जाणं,
गटाराशेजारी सापडलेली चप्पल.
लोक म्हणाले, रक्तातच आहे.

रक्त तर माझंही तेच.
गेटला स्कूटर घासली की,
नवराच असतो, शुद्धीत, हातात मेथीची जुडी,
तरी माझा हात जातो
पंख्याच्या बटणाकडे. पाचावर.

बाई पेनाला टोपण लावतात.
विचारायचं म्हणून विचारतात,
तुम्हाला काही सांगायचंय?
मे महिना. खिडकीतला कूलर
पाण्याने भरलेला, गार,
नुसता कूलर.

"आयकू यायचं, भाऊ," मी म्हणते.
"समदं."

बराच वेळ तो फरशीकडे बघत राहतो.
एक हात मांडीखालून निसटतो,
त्याचं त्याला भान नाही.
मग, बेचाळीस वर्षांच्या दाढीतून
नऊ वर्षांचा आवाज :
"मंग तव्हा नाई काबरं म्हनायची तू?"

बाई फॉर्म पुन्हा उलगडतात, वरून खाली बघतात.
हा प्रश्न त्यात नाही.