हेड साफ करायची नोट

रात्रीचे साडेअकरा. जेल रोडवरच्या गाड्या विरळ झाल्यात.
नवरा आत घोरतोय
आणि मी मोबाईलवर बघतेय तोच सिनेमा
जो पंच्याऐंशी साली प्रेसच्या क्वार्टरमध्ये पाहिला होता,
चाळीस माणसं, एक टीव्ही, अंगणात सतरंज्या.
खैरनारांचा बाळू भाड्याचा व्हीसीआर मांडीवर धरून
रिक्षातून असा उतरायचा
जसं दवाखान्यातून बाळ घरी आणलंय.

आता बघते तर नायक केवढासा पोरगा!
माझ्या मुलाहून लहान असेल.
खलनायकाच्या अड्ड्यातले दिवे
आमच्या गल्लीतल्या मखराचेच वाटतात.
आणि ती थप्पड,
भर मांडवात नायिकेला मारलेली,
जिला अख्ख्या अंगणानं शिट्ट्या मारल्या होत्या.
मीही टाळी वाजवली असणार, बहुतेक.
आज बोट ठेवून चित्र थांबवलं.
तिचा गाल अर्धा वळलेला.
पाणी पिऊन आले,
तरी तसाच.

त्या रात्री दोनच्या सुमारास
शेवटच्या भागात मुंग्या आल्या.
बाळूनं झाकण उघडलं.
‘हेड साफ करावं लागेल. कोरी नोट आहे का कुणाकडे?’
सगळे हसले. कोरी नोट! आणि ह्या क्वार्टरमध्ये!
जिथं घरटी एक जण दिवसभर नोटाच छापतो
आणि भोंगा झाला की गेटवर झडती देऊन
रिकाम्या खिशानं घरी येतो.

लीलूआत्यानं कनवटीची काढली.
पाचाची, पगारातली, घडीसुद्धा न पडलेली.
ती तपासणीला होती.
छापून आलेल्या तावात चुका शोधायच्या,
सरकलेला आकडा, फिकी शाई,
खूण करायची आणि ताव बाजूला.
सोळा वर्षं हेच. डोळ्यांना जाड भिंगं.
लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची,
‘बघू, पुढच्या शिफ्टला.’

नोट स्पिरिटमध्ये बुडवून फिरवली,
मुंग्या काही गेल्या नाहीत.
पोरं भोकाड पसरायच्या बेतात,
तेव्हा आत्या म्हणाली,
‘मी टॉकीजला बघितलाय. गप बसा, सांगते.’

आणि सांगितलं:
ती काही नवऱ्याकडे परत जात नाही.
किल्ल्या सासूच्या हातात देते,
एकटी गाडीत बसते, खिडकीपाशी.
मग बोगदा येतो, आपल्या इगतपुरीसारखा,
आणि अंधारात पाटी: समाप्त.
‘पण ती जाते कुठं?’ मी विचारलं होतं.
‘ते दाखवलं नाही.’

इतकी वर्षं हाच शेवट घेऊन फिरले.
आज पाहिला खरा.
गाडी नाही, बोगदा नाही.
ती त्याच्या पायांवर पडते, तो उचलतो,
सासू दृष्ट काढते, सगळे हसतात
आणि हसतानाच गोठतात.

मागं नेऊन पुन्हा पाहिलं.
वाटलं, काहीतरी कापलं असेल.
काही कापलेलं नाही.

म्हणजे आत्यानं
रात्री दोन वाजता, पोरांच्या गराड्यात,
चष्मा पुसत पुसत
तो ताव बाजूला काढला होता.

पाचाची नोट तिनं कठड्यावर वाळवली,
वर पाटा ठेवला, उडू नये म्हणून.
पुढच्या मे महिन्यात ती आठ दिवस
कुठंतरी जाऊन आली, एकटीच.
शिर्डीला, म्हणाली.
प्रसाद काही आणला नव्हता.