नाव नंतर

परळच्या वॉर्ड ऑफिसात, तळमजल्यावर,
खिडकी नंबर चारला मी बसते.
माझ्या हाताखालून नावं जातात.
लोक बारशाच्या घुगऱ्या खाऊन येतात, मी स्पेलिंग तपासते.
कुणाला रियामध्ये एक जादा वाय हवा असतो,
कुणी ज्योतिषाची चिठ्ठी आणतं, घामानं पुसट झालेली.
आणि ज्यांचं अजून ठरलेलं नसतं
त्यांच्या रकान्यात आम्ही पेन्सिलीनं लिहितो :
नाव नंतर.

मागच्या बुधवारी गिरगावातून खोपकरांचा फोन आला.
‘तुमची कविता घेतोय. खाली नाव काय टाकू?’
पाकिटावर मी नाव घातलंच नव्हतं,
फक्त नंबर, तोही ऑफिसचा.
म्हटलं, दोन दिवस द्या.

खरं नाव घालायचं, तर कुठलं?
कुंदा पाटणे ही बाई सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात
दादरच्या एका हॉलमध्ये दुपारी बारा चाळीसला संपली.
ताटात तांदूळ पसरले होते.
विद्याधरनं अंगठीनं त्यात ‘मृदुला’ कोरलं,
‘मृ’ दोनदा मोडला, सगळे हसले, मीही.
दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ते तांदूळ डब्यात ओतले,
शनिवारी त्यांचीच खिचडी झाली.
चांगली झाली होती. मी दोनदा घेतली.

मृदुला खवणेकर बँकेत आहे, रेशनकार्डावर आहे,
सोसायटीच्या मीटिंगला गैरहजर आहे.
पण त्या ओळी तिच्या नाहीत.
त्या मी जेवणाच्या सुट्टीत
खिडकीला ‘बंद’ची पाटी लावून
रद्द फॉर्मांच्या पाठीवर लिहिल्या.

शिपाई तुळसकर म्हणाला, ‘मॅडम, फुलाचं घ्या.
फुलाला कुणी आडनाव विचारत नाही.’
(कुंदा फुलाचंच होतं की.)
पण तो बोलला ते खरं, आणि त्याला ते माझ्याकडे बघूनच सुचलं असणार.
समोरचा चेहरा दिसायच्या आधी
फॉर्मवरचं आडनाव वाचून
माझा आवाज कधी पाव सूर वर, कधी खाली गेलाय,
हे मी अजून कुठल्याच कवितेत लिहिलेलं नाही.

मग दोन दिवस नुसत्या सह्या.
निशिगंधा : वास फार.
अनामिका : प्रत्येक अंकात दोन तरी असतात.
गावाला ‘कर’ जोडावा, तर गाव कुठंय?
आई नायगावची, बाबा भोईवाड्यातले,
भोईवाडकर म्हणून प्रेमकविता कोण वाचेल!
एक नाव मात्र आवडलं होतं, रात्री दीडला.
सकाळी ते माझ्याकडे
नव्या सुनेसारखं बघत उभं होतं,
कुठला डबा कुठे, काही माहीत नसलेलं.

शुक्रवारी फोन वाजला तेव्हा रांग दारापर्यंत होती.
काचेपलीकडे एक पोरगेला बाप,
बोटांत सुकलेलं प्लॅस्टर,
हॉस्पिटलचा कागद चार घड्या घालून आणलेला.
‘मुलगी आहे. ठरलं नाय अजून.
आजच सांगायला पायजे का?’
कानात खोपकर : ‘बोला, पान चाललंय.’
मी म्हणाले, ‘नंतर.’
त्याला म्हणाले. बापाला.
‘बरं,’ खोपकर म्हणाले, आणि फोन ठेवला.

अंक आला. पान एकसष्ट.
कविता जशीच्या तशी, एक अनुस्वार तेवढा गळालेला,
आणि खाली उजवीकडे, जाड टायपात :
— नंतर

रिसीव्हर उचलला. नंबरही अर्धा फिरवला.
मग ठेवला.

घरी विद्याधरला नुसता अंक दिला, बाकी काही बोलले नाही.
त्यानं चष्मा लावून पूर्ण वाचली, ओठ हलवत.
शेवटच्या शब्दाखाली बोट ठेवलं.
‘नंतर काय?’ म्हणाला,
आणि पान उलटलं.
पुढच्या पानावर कैरीच्या लोणच्याची जाहिरात होती.
तीही त्यानं नीट वाचली.