कंट्रोलचं गाव

पहिल्या वर्षी चूक माझीच झाली.
लिंबाळ्याच्या समाजमंदिरात कुणीतरी विचारलं,
आमचं गाव कशात हाय?
आणि मी पटकन बोलून गेले, कंट्रोलमध्ये.
दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओट्यावर
अठरा बाया, नायलॉनच्या थैल्या, रेशनकार्डं,
कोंडाबाई ढेंबरे सगळ्यांत पुढं:
गहू देता का तांदूळ, माय?

कसं सांगू, की हे कंट्रोल वेगळं.
इथं काही न मिळणं, हेच तुमचं काम.
कयाधूपल्याड बोरखडीत
आठवी ते दहावीच्या पोरींना सायकली येतील,
निळ्या, कॅरियरच्या,
आणि तुम्ही आहात तसंच राहायचं, तीन वर्षं,
म्हणजे पुण्याच्या साहेबांना कळेल
सायकलीनं काय झालं
आणि काय एरवीही झालंच असतं.
बासष्ट गावांच्या चिठ्ठ्या संगणकानं काढल्यात.
त्याची कुणाशी सोयरीक नाही, कुणाशी बांधावरून भांडण नाही.
कोंडाबाई थैलीची घडी घालत म्हणाली,
म्हंजी आमी रिकामं पारडं.
टॅबमध्ये याला रकाना नव्हता.

दरसाल फेब्रुवारीत येते मी. हळद शिजत असते,
बोटं पिवळी असतात उत्तर देणाऱ्यांची,
सहीऐवजी अंगठा घेतला की स्क्रीनवर डाग राहतो.
प्रश्न तेच, क्रम तोच, आवाजात चढउतार नको.
गेल्या तीस दिवसांत शाळेत किती दिवस गेलीस?
माहीत नाही म्हणाली तर अठ्ठ्याऐंशी,
गप्प राहिली तर नव्व्याण्णव.
प्रतीक्षा, कोंडाबाईची नात,
पहिल्या साली नव्व्याण्णव होती.
दाराच्या फळीला नखानं रेघा मारत होती नुसती.

गणितावर माझा राग नाही.
त्याआधी कुणीही यायचं, नारळ फोडायचं,
फ्लेक्सवर क्रांती लिहून जायचं,
ती झाली का, हे विचारायला परत कुणी फिरकायचं नाही.
आकड्यानं निदान दार तरी वाजवलं.

तिसऱ्या साली प्रतीक्षा म्हणाली, एकोणीस दिवस.
मी पुन्हा विचारलं. एकोणीसच.
गोरेगावच्या शाळेत कशानं जातेस?
पायी, एसटी, काळीपिवळी, स्वतःची सायकल.
ती म्हणाली, नाजमीनच्या.
बोरखडीची नाजमीन पठाण
रोज सकाळी अडीच किलोमीटर उलटी येते,
पुलावरून, शाळेकडं पाठ करून,
हिला घ्यायला.
डबलशीट.
चढाला मी मारते, उताराला ती, प्रतीक्षा म्हणाली,
आन् येताना सुमन, अंजुम आन् घुग्यांची बारकी,
दोन सायकलींवर पाच जणी, म्याडम,
पडतो कधीकधी.
गुडघा दाखवला. खपली ताजी होती.

मार्चअखेर पुण्याहून फोन.
बोरखडी बारावरून एकवीस, म्हणजे नऊ वाढले.
लिंबाळा अकरावरून एकोणीस, आठ.
नऊ वजा आठ.
सायकलीचा परिणाम एक दिवस.
तेवढा तर नशिबानंही येतो, साहेब म्हणाले,
परिणाम लक्षणीय नाही.
मी नाजमीनचं सांगितलं.
ते थोडा वेळ गप्प राहिले, मग खरोखर हळहळून म्हणाले,
अरेरे, म्हणजे नमुना दूषित झाला की.

दूषित. आमच्याकडं हा शब्द
हातपंपावर लिहितात, लाल रंगात.

योजना पुढं चालवायची की नाही,
ते जूनमध्ये ठरणार म्हणे.
मी कळमनुरीच्या स्टँडवर बसून
तो फॉर्म पुन्हा उघडला, प्रश्न सत्तेचाळीस,
शेवटचा पर्याय, इतर, नमूद करा.
तिथं चाळीसच अक्षरं बसतात.
मी लिहीत गेले, यंत्रानं जिथं तोडलं तिथं थांबले:

सायकल बोरखडीला दिली होती, ती दोन्ही गा