खालच्या अंगाला

शिरकोलीच्या पुढे, आंबीच्या काठावर
तीन तंबू, एक चूल आणि आम्ही सहा जण,
ज्यांच्यापैकी एकालाही खुंटी ठोकता येत नव्हती.
पहिली वाकली. दुसरी टणकन उडाली.
ढेबेमामा लांबून पाहत होते, न पेटवलेली बिडी ओठात.
मग म्हणाले, "तिथं नाय शिरायची ती.
आमचं खळं होतं तिथं.
बैलांनी चाळीस वर्षं तुडवलंय."
आम्ही बिऱ्हाड दहा पावलं सरकवलं,
जिथे माती अजून ऐकून घेते.

संध्याकाळी अन्वयने छोटा स्पीकर काढला.
नदीनेही काहीतरी लावलं होतं,
बॅटरी संपल्यावर ते कळलं.

पनीर कोळशावर करपलं.
मामांच्या फडक्यातली नाचणीची भाकरी, मिरचीचा खर्डा
आम्ही "थोडंसंच हं" म्हणत म्हणत संपवलं.
त्यांच्यासाठी काय उरलं,
हे मी आत्ता, लिहिताना विचारतेय.

रात्री झोप नाही.
पाठीखाली एक खडा, नेमका दुखऱ्या मणक्याशी,
जणू त्याने माझा एमआरआय पाहिला होता.
बाहेर काहीतरी पाणी प्यायला आलं.
लपलप. थांबून पुन्हा लपलप.
कुत्रं असेल. कुत्रंच असू दे.
मी तंबूची चेन पार वरपर्यंत ओढली
आणि सकाळी ओल्या वाळूत
ठसे बघायला गेले नाही.

सकाळी भांडी.
शर्वाणीने बाटली उघडली, हिरवी, लिंबाच्या चित्राची.
मामांनी ती अलगद काढून घेतली, बूच लावलं,
चुलीतली मूठभर राख पुढे केली.
"साबण नको, ताई.
हे पाणी पानशेतात जातं, तिथनं खडकवासल्याला,
तिथनं तुमच्या नळाला.
आमचं काय, आम्ही वरच्या अंगाचे.
तुमच्याच चहाला फेस येईल."
हसले.
आम्हीही हसलो, जरा उशिरा.

गुरुवारी कोथरूडला पाणी बंद.
शुक्रवारी पहाटे नळ आधी खोकला,
मग नुसती हवा, मग गढूळ, मग नितळ.
मी पातेलं खाली धरलं
आणि उगाचच वास घेऊन पाहिला.
क्लोरीनचा होता.

बाल्कनीत अन्वयच्या बुटांतून
अजून वाळू निघत होती.
झाडू हातात होता.
ती मी कुंडीत ओतली.