जमीन लागणे

इटबायतला धक्का नाही.
कड्याच्या पायथ्याशी सिमेंटच्या सात पायऱ्या आहेत
आणि पायऱ्यांवर आम्ही चौघं.
गोल बुडाची फालोवा लाटेवर वर येते,
क्षणभर थांबते, खाली जाते.
त्या क्षणात माणसाने उडी मारायची
आणि आम्ही हात धरायचा.
माणसं, तांदळाची पोती, डुकरं, एकदा एक पियानो.
एकतीस वर्षं.

हात धरला की मला कळतं
कोणी गोळी घेतली आहे.

बास्कोच्या दुकानात पट्टी कात्रीने कापून
ती सुटी विकतात.
निघण्याआधी तासभर, दुकानदारीण बजावते,
आणि लोक होडीत बसल्यावर, पहिली लाट बघून गिळतात.
मग अर्धी वाट ओकतात
आणि उरलेली अर्धी पेंगतात.
बेट दिसतं तेव्हा पोट ठिकाणावर असतं,
बाकीचा माणूस मागे कुठेतरी, भर पाण्यात.

गोळी न घेतलेला हात ओला, आंबट, थरथरता.
मनगट पिळून काढतो, पण वेळेवर येतो.
गोळी घेतलेला हात ऊबदार.
झोपलेल्या बाळाचा असतो तसा सैल.
त्या माणसाच्या तोंडाला कोरड,
जीभ टाळ्याला चिकटलेली.
‘आता?’ असं तो विचारतो
आणि आता निघून गेलेलं असतं.

नव्या मास्तरीणबाई पेर्पेतुआ, त्यांनी दोन घेतल्या होत्या.
एक स्वतःची, एक शेजारणीने मायेने दिलेली.
काठावर उभ्या राहून हसत होत्या,
फोटो काढायला उभ्या राहाव्यात तशा,
आणि खालची लाट निघून चालली होती.
मी हाताची वाट पाहिली नाही.
पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरून ओढलं.
डावी चप्पल समुद्राने ठेवून घेतली.
त्या माझ्या बायकोच्या खाटेवर
दुसऱ्या दुपारपर्यंत झोपल्या.
उठल्यावर म्हणाल्या, पोचलो का?
सेल्सा अजून हसते ते आठवून.

माणसांना होडी लागते.
मला कधी लागली नाही.
मागच्या नोव्हेंबरात मला जमीन लागली.

पहाटे कूस बदलली
आणि दगडी घर फिरलं, छपरासकट,
जड, सावकाश नव्हे, गरकन.
मी खाटेची दांडी धरून ओरडलो, दोर सोडा!
कोणाला म्हणालो, ठाऊक नाही.
लसणाच्या माळा डोक्यावर शांत टांगलेल्या,
हलत होतो तो मीच.

दवाखान्यातली नर्स म्हणाली,
कानात बारीक खडे असतात, जागचे सुटले असतील.
उद्या परवा डॉक्टर बास्कोहून येतील,
लाट असेल तर पुढच्या आठवड्यात.
तोवर ही घ्या.
तळहातावर तीच गोळी.
हीच? म्हटलं.
हीच. खडे जागेवर नेत नाही ती,
नुसता कानाचा आरडाओरडा कमी करते.
आणि पायऱ्यांवर जायचं नाही.

गेलो.
गोळीशिवाय गेलो तेव्हा सात पायऱ्यांच्या चौदा झाल्या.
गोळी घेऊन गेलो तेव्हा सातच होत्या,
छान, मऊ, गादीसारख्या,
आणि होडी वर येऊन परत खाली गेली
तेव्हा मी तिच्याकडे प्रेमाने बघत होतो.
वेन्सेस्लाओने मला मागे सारलं. माझा भाचा.
रागावला नाही, म्हणून जास्त लागलं.

शेवटी कान दाखवायला मीच बास्कोला गेलो.
तिथल्या डॉक्टरने डोकं धरून
इकडे वळवलं, तिकडे वळवलं,
बाटलीतला गाळ खाली बसवावा तसं.
परतताना दुकानदारीण म्हणाली, एक देऊ?
मी दोन घेतल्या. एक गिळली, एक खिशात.
का गिळली, सेल्साला सांगितलेलं नाही.

कड्याखाली चौघं उभे होते,
माझ्या जागेवर तो.
होडी वर आली.
मी हात पुढे केला.

त्याने तो धरला,
आणि मी पायरीवर आल्यावरही
जरा जास्तच वेळ धरून ठेवला.
हात कसा होता,
मी विचारलं नाही.